वैद्यराजांची एका दिवसाची चूक

दीपमाला गवई आत आली तेव्हा कमलाकांत पाठक गिला वडा खात होते. अशिलासमोर खायचं नाही हा त्यांनी स्वतःच केलेला नियम, म्हणून त्यांनी घाईघाईनं प्लेट टेबलाच्या खणात सरकवली. दह्यासकट.

अमरावतीला राजकमल चौकाजवळ, बांगड्यांच्या एका दुकानावरच्या माडीत दामिनी वानखडेचं कार्यालय आहे. पाटीवर 'खाजगी तपास' एवढंच लिहिलंय. चौदा वर्षं विमा कंपनीसाठी खरे-खोटे दावे तपासल्यावर दामिनीनं ही पाटी लावली. कमलाकांत कोर्टात शिरस्तेदार होते. निवृत्तीनंतर घरात एकट्यानं बसवेना, म्हणून ते इथे जबान्या लिहून घ्यायला येऊ लागले. अक्षर सुरेख, डोकं त्या मानानं सावकाश चालतं. हे ते स्वतःच सगळ्यांना सांगतात.

"बसा," दामिनी दीपमालाला म्हणाली. "काका, खणातून दही गळतंय."

दीपमाला बसली. चाळिशीची, एका शाळेत लिपिक. पिशवी मांडीवर घट्ट धरून तिनं थेट मुद्द्याला हात घातला.

"माझ्या आईला एकानं फोनवरून फसवलंय. औषध विकतो. पण तो कोण आहे, हे मला नाही विचारायचं. आमच्या घरातली गोष्ट त्याला कोणी सांगितली, ते मला पाहिजे."

तिची आई भागीरथाबाई, वय एकाहत्तर, अकोल्याला मुलगा धर्मपाल आणि सून रश्मी यांच्याजवळ राहते. धर्मपाल रेल्वेत, महिन्यातले वीस दिवस बाहेर. आईला साखरेचा आजार. डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती भरेना, म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं. त्याच आठवड्यात वैद्यराज ओंकारनाथ नावाच्या माणसाचा फोन आला. सुई म्हणजे विष, माझं चूर्ण घ्या, असं त्यानं सांगितलं. झालं, आईनं सुई घ्यायला साफ नकार दिला.

"डॉक्टर म्हणालेत, सोमवारी दाखवायला आणा, आणि तोवर इन्सुलिन सुरू झालेलं पाहिजे. नाही तर अंगठा वाचेल की नाही ते सांगू शकत नाही."

तो बुधवार होता.

"आईचं म्हणणं काय?" दामिनीनं विचारलं.

"आई म्हणते, 'त्याले जे मालूम हाय ते या जगात कोनालेच मालूम नाही. त्याले कसं समजलं ते मले सांग, मंग मी सुई घेतो.'"

दामिनीनं पेन खाली ठेवलं. "म्हणजे अट घातली आहे."

"हो. आणि आई शब्द फिरवत नाही."

"तुमचा संशय कोणावर?"

"वहिनीवर. दिवसभर घरात तीच असते. मोबाईलवर कुर्त्या विकते, दहा ग्रुपवर आहे, असल्या लोकांशी तिची ऊठबस. मी तिला सगळ्यांसमोर तोंडावर विचारलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही."

कमलाकांतांनी 'वहिनी' असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. त्यांच्या मते प्रकरण संपलं होतं.

*

गुरुवारी सकाळच्या एस.टी.नं तिघं अकोल्याला गेले. मोर्णा नदीच्या अलीकडे, बुद्धविहारामागच्या गल्लीत गवयांचं घर. भागीरथाबाई ओसरीत खाटेवर बसल्या होत्या, डावा पाय उशीवर, अंगठ्याला पट्टी. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्या खाली पती सूर्यभान यांचा फोटो. उशाशी क्लिपच्या झाकणाचा नवाकोरा स्टीलचा डबा. त्यात चूर्ण होतं.

"तुमी त्या वैद्याले खोटं पाडाले आल्या का?" बाईंनी स्वागत केलं.

"नाही," दामिनी म्हणाली. "त्याला कसं कळलं ते शोधायला आले. तुमचीच अट आहे ना?"

बाईंना उत्तर आवडलं असावं. त्यांनी हातानंच बसायला मोडा दाखवला.

"पहिला फोन कधी आला?"

"दिवाळीच्या आंधी. माह्या फोनवर नाही आला तो. शेजारच्या बेबीच्या फोनवर आला. बेबी धावत आली, म्हने भागीरथाबाई, तुमाले फोन हाय. मी कानाले लावला तं म्हने, 'जय भीम, माई.' चांगला बोलला. मंग म्हने, 'तुमच्या पायाखाली निखारे आहेत, माई. जगाला दिसत नाहीत, मला दिसतात.' तयपाय जयतात माहे, रात-रात. अंगठ्याची जखम सांगतली. डावा का उजवा तेयी सांगतलं."

"पुढे?"

"'सुईनं आग विझत नाही, नुसती झाकली जाते.' असं म्हने. 'सातच पुड्या उरल्यात, एक तुमच्या नावानं बाजूला ठेवली. घरात कोणाला सांगू नका, सांगितलं की गुण जातो.'" बाईंना सगळं पाठ होतं. महिनाभर तेच त्या मनात घोळवत होत्या.

"पण एवढ्यावर तुमचा विश्वास बसला नसेल."

भागीरथाबाईंनी लेकीकडे पाहिलं. दीपमाला उठून आत गेली, तेव्हा त्या हळू आवाजात बोलल्या.

"त्यानं खिरीचं सांगतलं. आमचे मालक दोन सालाआंधी गेले. त्याईलेही साखरच होती. त्याईनं मले वाटीभर खीर मागतली. डाक्टरनं नाही म्हटलं होतं, तं मी नाही देल्ली. त्याच राती गेले. घरात आमी दोघंच होतो. मी कोनाले सांगतलं नाही, पोराले नाही, पोरीले नाही. अन् हा मानूस म्हने, 'माई, डॉक्टरांच्या पथ्यानं तुमच्या धन्याला शेवटची खीर मिळू दिली नाही. तेच डॉक्टर आता तुम्हाला सुई टोचणार.'"

कमलाकांतांचं पेन थांबलं. कोर्टात तीस वर्षं काढूनही त्यांना त्या वाक्याचा राग आला.

दामिनीचा आवाज मात्र तसाच राहिला. "बरोबर काय सांगितलं ते कळलं. आता चुकीचं काय सांगितलं ते सांगा."

"चुकीचं?"

"एखादी तरी गोष्ट चुकली असेल."

बाई विचारात पडल्या. मग जरा लाजल्या. "मले म्हने पासष्टीच्या माई. मी एकाहत्तरची. आवाजावरून वाटलं असन." पुढे म्हणाल्या, "अन् खीर बुद्धपौर्णिमेच्या दिशी मागतली म्हने. ते दुसऱ्या दिशी झालं. एका दिवसाचा फरक. तेवढं तं पंचांगवाल्याईचंही चुकते."

कमलाकांतांच्या घराण्यात चार पिढ्या पंचांग पाहत आल्या होत्या. त्यांनी नुसताच घसा खाकरला.

"डबा छान आहे," दामिनी उठता उठता म्हणाली.

"बक्षिसाचा हाय. बेबीच्या मंडळात भेटला," भागीरथाबाई म्हणाल्या. एवढ्या बोलण्यात पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जरा मिजास होती.

*

रश्मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. दीपमाला दारात उभी होती आणि दोघींपैकी कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

"माह्यावर आळ आहे, मले मालूम हाय," रश्मी म्हणाली. "इचारा."

"तुम्हीही फोनवरच विकता ना?"

"विकते. कुर्त्या. फोटो टाकते, आवडली तं घ्या म्हनते. नाही बसली तं परत आना, मीच बदलून देते. 'आजचाच दिवस' म्हनून मी कोनाच्या मागं नाही लागत. अन् घरी सांगू नका असं तं कधीच म्हनत नाही. नवऱ्याले दाखवून घ्या म्हनते, नाही तं कुर्ती वापस येते." तिनं भाकरी उलटली. "आईले सुई घ्या म्हनून मी पाया पडली. अन् मीच त्या मानसाले फोन करीन का?"

"सासरे गेले त्या दिवसांत तुम्ही इथेच होता?"

"दवाखान्यात होती. पौर्णिमेच्या राती वार्डात त्याईच्या खाटेपाशी मीच बसली होती. दुसऱ्या दिशी सकाळी सुट्टी भेटली. दुपारी मी गोळ्या आनाले गेली, तवाच जरा घराभायेर पडली."

"त्यांनी खीर मागितली होती का?"

"कोनती खीर?" रश्मीनं मान वर केली. तिला खरोखरच काही माहीत नव्हतं, किंवा ती नाटकात काम करण्याइतकी तयारीची होती. कमलाकांतांनी दुसरी शक्यता लिहून घेतली.

शेजारच्या बेबीताई साठीच्या, महिला मंडळाच्या अध्यक्ष, बोलायला खंबीर. त्यांच्या मांडणीवर नवा कुकर होता, खोक्यासकट.

"मीही घेतलं त्याचं औषध, गुडघ्यासाठी," त्यांनी न विचारताच सांगितलं. "फरक? काही नाही बापा. पन मानूस मायाळू हाय. मायी सासू वारली तेही त्याले मालूम."

"हा कुकर नवा दिसतो."

"स्पर्धेचा. 'सणाचा पदार्थ, आपल्या आवाजात' अशी फोनवर स्पर्धा होती. नाव, गाव, वय, पदार्थ, त्याची आठवन, तब्येत, सारं बोलायचं अन् धाडून द्याचं. ज्या बोलल्या त्याईले डबा, अन् ज्यानं दहा जनी जमवल्या त्याले कुकर. मी अकरा जमवल्या!"

"सगळ्या तुमच्याच फोनवरून बोलल्या?"

"मंग! कोनाले बटन समजत नाही. बाकीच्याईचं दोन-दोन मिनटात झालं. भागीरथाबाईनं तं दार लोटून घेतलं. मी वसरीत मेथीची आख्खी जुडी निसली, तरी बाई भायेर येईना."

"तुम्ही ऐकलं नाहीत?"

"मी काहून ऐकू? ज्याचं त्यानं बोलावं." बेबीताई दुखावल्या. मग आपण होऊनच म्हणाल्या, "सूर्यभानभाऊ गेले त्या सालची पौर्णिमा तं मले अजून आठवते. ते दवाखान्यात, अन् विहारातली खीर मी याईच्या घरी नेऊन ठेवली. कुलूप होतं, चाबी माह्यापाशीच होती."

दामिनीनं त्यांच्याकडून फोन मागून घेतला आणि स्पर्धेचा निरोप वाचला. शेवटची ओळ तिनं दोनदा वाचली. मग त्याखाली काहीतरी पाहून तारीख आणि स्पर्धेचा नंबर टिपून घेतला.

शेवटी चौकातला ललित. भागीरथाबाईंच्या बहिणीचा मुलगा, मोबाईलचं दुकान. गळ्यात जाड साखळी होती, आणि कमलाकांतांना ती मुळीच आवडली नाही. वैद्यराजांची पार्सलं याच दुकानात उतरत होती.

"सगळ्याच कुरियरची उतरतात," ललित म्हणाला. "मावशीचं सिमकार्ड मीच काढून देल्लं, तिच्या आधारकार्डावर. मोठ्या अक्षरात नंबरही मीच लावून देल्ले. मावशी मले मायसारखी हाय, मॅडम. काकाले दवाखान्यातून माह्याच गाडीत घरी आनलं होतं, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिशी. त्याच राती गेले. विसरन का मी?"

*

परतीच्या एस.टी.त कमलाकांतांनी आपला निष्कर्ष सांगितला. "ललित. पार्सलं त्याच्याकडे, मावशीचा नंबर त्याच्याकडे, आणि ती साखळी."

"साखळी हा पुरावा नाही, काका. आणि नंबर त्याच्याकडे होता हीच तर अडचण आहे. पहिला फोन मावशीच्या नंबरावर का नाही आला?"

"मग बेबीताई! फोन त्यांच्याकडे आला. कुकरही त्यांना मिळाला."

"बेबीताईंनी खीर स्वतः त्या घरात ठेवली. सूर्यभान कुठे होते ते त्यांना पक्कं माहीत होतं."

"मग कोण? वहिनी?"

मूर्तिजापूर मागे पडलं. शेतांत कापूस वेचणाऱ्या बाया कमरेला ओटी बांधून ओळीनं पुढे सरकत होत्या.

"काका, तुम्हाला खोटं बोलता येतं?"

"नाही," कमलाकांत अभिमानानं म्हणाले.

"मग शिकावं लागेल. आजच. सविस्तर आणि मनापासून."

बिचाऱ्यांनी संध्याकाळी कार्यालयात दार लावून चार वेळा सराव केला. तीस वर्षं दुसऱ्यांच्या शपथा लिहिलेला माणूस. प्रत्येक वाक्याआधी त्यांना घाम फुटत होता. ते काय बोलले आणि कुठे बोलले ते पुढे येईलच.

*

रविवारी सकाळी साडेदहाला भागीरथाबाईंच्या ओसरीत सगळे जमले. बाई खाटेवर, पायाशी दीपमाला, दाराला टेकून रश्मी, मोड्यावर बेबीताई, पायरीवर ललित. खिरीची गोष्ट सगळ्यांसमोर काढायला बाईंनी आधीच होकार दिला होता. अंगठ्याची पट्टी नवी होती, पण तिच्याभोवतीचा पाय आता काळसर दिसत होता. त्याकडे कोणी पाहत नव्हतं आणि सगळ्यांना तो दिसत होता.

"तुमचा प्रश्न होता, त्याला कसं कळलं," दामिनी म्हणाली. "मी उलटा प्रश्न घेतला. त्याला काय कळलं नाही? विकणारा जे बरोबर सांगतो ते आपण मोजतो आणि जे चुकतं ते आपणच माफ करतो. त्याचा धंदा त्यावरच चालतो."

"एका दिवसाची तं चूक," भागीरथाबाई म्हणाल्या.

"त्या एका दिवसानं या घरातल्या सगळ्यांना सोडवलं. पौर्णिमेच्या दिवशी सूर्यभान इथे नव्हतेच, दवाखान्यात होते. रश्मीताई रात्रभर त्यांच्या खाटेजवळ होत्या. बेबीताईंनी बंद घर उघडून खीर ठेवली. ललितनं दुसऱ्या दिवशी त्यांना घरी आणलं. यांच्यापैकी कोणीही ही गोष्ट सांगितली असती, तरी 'पौर्णिमेला घरी खीर मागितली' असं कधीच म्हटलं नसतं. दीपमालाताई, तुमची वहिनी यात नाही."

दीपमालानं रश्मीकडे पाहिलं. रश्मी जमिनीकडे पाहत होती.

"दुसरी चूक वयाची. ललितकडे आधारकार्ड, दवाखान्यात कागद, सगळीकडे एकाहत्तर. पासष्ट कुठेच नाही. तिसरी गोष्ट फोन. घरच्या कोणी सांगितलं असतं तर याच घरातला नंबर दिला असता. त्याच्याकडे फक्त बेबीताईंचा होता. म्हणजे ही गोष्ट बेबीताईंच्या फोनमधून गेली, पण बेबीताईंना ती माहीत नव्हती. ती अशा कोणीतरी सांगितली, जिला वय पासष्ट सांगायचं होतं, आणि जिला ती गोष्ट सणाच्या दिवशी घडलेली पाहिजे होती. कारण स्पर्धा सणाच्या पदार्थाची होती."

भागीरथाबाई अगदी हळू म्हणाल्या, "मीच?"

"तुम्हीच."

"पन मी कोनाले नाही सांगतलं वं माय! दार लोटून बसली होती. तथी कोनीच नव्हतं. तो लाल ठिपका होता नुसता." त्यांनी उशाच्या डब्याकडे पाहिलं. "मी आपली खीर कशी करतात ते सांगून राहिली होती. मंग ते म्हने आठवन सांगा. बोलता बोलता निंघून गेलं. दोन साल झाले, पोटात होतं."

दीपमालाला रडू आलं. दोन वर्षं ती दर रविवारी फोन करून आईला साखर किती आली एवढंच विचारत होती. ते तिला त्या क्षणी आठवलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"बेबीताईंच्या फोनमध्ये ते बोलणं अजून आहे," दामिनी म्हणाली. "सहा मिनिटं चाळीस सेकंद. बाकीच्यांची दोन-दोन मिनिटांची. तिसऱ्या दिवशी वैद्याचा फोन आला. मी फक्त लांबी आणि तारीख पाहिली. ऐकलं नाही. ते तुमचं आहे."

"मले काय ठाऊक!" बेबीताई कासावीस झाल्या. "कुकरसाठी मी अकरा जनीईले… भागीरथाबाई, आईची शप्पथ…"

"तुम्हाला ठाऊक नव्हतं. म्हणूनच त्यांनी तुम्हाला निवडलं. डबा फुकट, कुकर फुकट, आणि निरोपाची शेवटची ओळ अशी: 'वय आणि प्रकृतीची तक्रार अवश्य सांगा.' पदार्थाच्या स्पर्धेला प्रकृती कशाला लागते? तिथे थांबायला हवं होतं. पण अनोळखी माणूस नुसती तब्येत विचारायला आला असता, तर तुम्ही त्याला दारातूनच घालवलं असतं. त्यानं खीर विचारली."

भागीरथाबाईंनी डोळे पुसले. त्या पुन्हा ताठ बसल्या. "हे तुमचं म्हननं. बरोबर असन. पन कायवरून? तो खराच ग्यानी असन तं?"

दामिनीनं घड्याळ पाहिलं. अकराला तीन मिनिटं होती. "काका, फोन खाटेवर ठेवा. माई, यांनी गुरुवारी त्याच स्पर्धेत एक आठवण पाठवली. काल फोन आला, तेव्हा यांनी रविवारी अकराला करा म्हणून सांगितलं."

अकरा वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला. कमलाकांतांनी तो स्पीकरवर टाकला.

"हरी ओम, काका," आवाज म्हणाला.

भागीरथाबाई दचकल्या. आवाज त्यांच्या ओळखीचा होता. 'जय भीम' तेवढं बदललं होतं.

"तुमच्या पायाखाली निखारे आहेत, काका. जगाला दिसत नाहीत, मला दिसतात."

"हो, आहेत," कमलाकांत म्हणाले. त्यांचे तळपाय उत्तम होते.

"आणि मनातही एक निखारा आहे. महालक्ष्म्यांचा सण होता. तुमच्या मंडळींनी, वत्सलाताईंनी, वाटीभर आंबील मागितली. डॉक्टरांच्या पथ्यानं तुम्ही दिली नाही. त्याच रात्री त्या गेल्या."

कमलाकांतांना गहिवरून आलं. वत्सलाताई त्यांनी गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला निर्माण केल्या होत्या, पण तीन दिवसांत त्यांच्यावर जीव जडला होता.

"सुईनं आग…" आवाज म्हणाला.

"…विझत नाही, नुसती झाकली जाते," भागीरथाबाई पुटपुटल्या.

"…विझत नाही, नुसती झाकली जाते, काका. सातच पुड्या उरल्यात."

"एक तुमच्या नावानं बाजूला ठेवली," भागीरथाबाईंनी आता मोठ्यानं म्हटलं.

"एक तुमच्या नावानं… तिकडे कोण आहे?"

"एक मिनिट, वैद्यराज," कमलाकांत म्हणाले. त्यांनी पाठ ताठ केली. कोर्टात जबानी वाचून दाखवताना करत तशीच. "माझं वय अडुसष्ट. मला साखर नाही. आणि मी अविवाहित आहे."

फोन बंद झाला.

सगळ्यात आधी ललित हसला. मग बेबीताई हसता हसता रडायला लागल्या, कारण अकरा जणींची नावं त्यांना पाठ होती. "आजच जातो मी साऱ्याईच्या घरी," त्या म्हणाल्या. "एकएकीले सांगतो. कुकर देतो फेकून."

"आधी सांगा. कुकर नंतर," दामिनी म्हणाली. "हे सगळं बोलणं काकांनी लिहून घेतलंय. उद्या सायबर पोलिसांत तक्रार देऊ. तुम्ही साक्षीला या."

भागीरथाबाईंनी बंद फोन उचलून कमलाकांतांच्या हातात दिला. मग त्या दामिनीकडे वळल्या.

"एक इचारू का? मी त्याईले खीर नाही देल्ली. ते चुकलं का?"

दामिनीला सगळ्या प्रश्नांची उत्तरं देता येत होती असं नाही. "ते मला नाही सांगता येणार, माई."

"मला येतं," दीपमाला म्हणाली. तिनं आईचा हात धरला. "बाबानं माझ्याकडे मागितली असती, तर मीही नाही म्हटलं असतं. तुझ्यासारखंच. ते जगावे म्हणून. तू मला सांगितलं का नाहीस, आई?"

"तू इचारलंच नाही वं."

"आता विचारते."

"मंग सांगीन. त्या फोनातलं नको ऐकू. मीच सांगीन तोंडानं, दुपारच्याले." बाईंनी दाराकडे मान वळवली. "रश्मे, आन तुयी सुई. मी जबान देल्ली होती."

दीपमाला उठली आणि रश्मीसमोर जाऊन उभी राहिली. "वहिनी, माझं चुकलं. सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून सगळ्यांसमोरच म्हणते."

रश्मीला राग होता आणि तो एका वाक्यानं जाणारा नव्हता. "बाजूले व्हा ताई, आईले सुई देऊ द्या," एवढंच ती म्हणाली, पण ताई म्हणाली.

डॉक्टरांनी शिकवलं होतं तशी तिनं पोटावर चिमूट धरून सुई दिली. भागीरथाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. मग एक डोळा उघडून त्यांनी विचारलं, "झालं? एवढंच?"

"एवढंच, आई."

ललितनं उशाचा डबा उचलला आणि चूर्ण नालीत ओतायला निघाला.

"चूर्ण फेक," भागीरथाबाई ओरडल्या. "डबा नको फेकू! तो मी बोलून कमावला हाय."

रश्मीनं डबा दोनदा साबणानं घासला, कोरडा पुसला, इन्सुलिनच्या बाटल्या त्यात ठेवल्या, आणि क्लिप लावून फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवून दिला.